आजी जेवत नसतील तर आधी तोंडात पाहा

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, कोल्हापूर
मा. आरोग्य अधिकारी, कोल्हापूर महानगरपालिका
आणि जिल्ह्यातल्या वृद्धाश्रमांचे सर्व व्यवस्थापक

विषय: ज्येष्ठांचं वजन आणि तोंड एकाच भेटीत तपासण्याबाबत

महोदय,

‘अशक्तपणा वाटतोय, जेवण जात नाही’ असं सांगत सत्तरीची बाई दवाखान्यात आली की रक्तदाब बघितला जातो, साखर बघितली जाते, हिमोग्लोबिन होतं आणि टॉनिकची बाटली हातात पडते. तोंडाची तपासणी सहसा राहून जाते. खालच्या दोन दाढा हलतायत, कवळी वर्षभर डब्यात पडून आहे, जिभेला तिखट सोसत नाही, म्हणून तिनं भाकरी सोडली आणि चहा-खारीवर दिवस काढतेय, हे केसपेपरवर कुठंच येत नाही. टॉनिक संपतं, वजन उतरतच राहतं. आम्ही काही दंतवैद्य आणि आहारतज्ज्ञ मिळून हे पत्र लिहितोय ते एका मागणीसाठी: साठीपुढच्या प्रत्येकाचं वजन आणि तोंड एकाच भेटीत बघा आणि दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लिहा.

त्यासाठी नवी योजना लागत नाही. तिशीपुढच्या लोकांची रक्तदाब, मधुमेह आणि कर्करोगासाठी जी तपासणी चालते, तिच्यात तोंडाच्या कर्करोगासाठी तोंड उघडून पाहायचं असतंच. फक्त ते पाच वर्षांतून एकदा, आणि तेवढ्यापुरतंच. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस ज्येष्ठांची ओपीडी चालवायची, हे वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पहिल्यापासून, म्हणजे 2010-11 पासून आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांत मौखिक आरोग्यही आहे आणि ज्येष्ठांची सेवाही. माणूस आलेला असतो, वजनकाटा असतो, टॉर्च असते. दात, जीभ, लाळ आणि कवळी बघायला आणखी दोन मिनिटं लागतात.

दात गेले म्हणून माणूस उपाशी राहत नाही, त्यामुळं घरच्यांच्याही लक्षात येत नाही. पोट भरतं, पण ताटातले पदार्थ बदलत जातात. सगळ्यात आधी शेंगदाणे, फुटाणे, ऊस, पेरू, काकडी, गाजर सुटतात. मग जोंधळ्याची भाकरी, मग मटकी-हरभऱ्याची उसळ, शेवटी मटण. इथं आपल्याकडं एक फसगत हमखास होते. रविवारी घरात तांबडा-पांढरा होतो, आजोबांना वाटीभर रस्सा आणि भात दिला जातो आणि ‘आज मटण खाल्लं’ असं सगळे धरून चालतात. रश्श्यात चव उतरते, चरबी उतरते, मीठ उतरतं. प्रथिनं मात्र बहुतेक सगळी फोडीतच राहतात, आणि फोडी ताटाच्या कडेला. पांढऱ्या रश्श्यातल्या नारळाच्या दुधानं आणि खसखशीनं उष्मांक मिळतील, पण झिजलेला स्नायू त्यानं भरून येत नाही. तेच मटण खिमा करून मऊ शिजवलं तर 75 ग्रॅम खिम्यातून साधारण 15 ग्रॅम प्रथिनं पोटात जातात, आणि तो हिरड्यांनीही खाता येतो.

हिशेब एकदा नीट मांडायला हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीत प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिनं धरली आहेत. उतारवयात त्याच प्रथिनांतून स्नायू कमी बांधला जातो, म्हणून ज्येष्ठांच्या आहाराचे जाणकार 1 ते 1.2 ग्रॅम सांगतात. म्हणजे 50 किलोच्या बाईला रोज 50 ते 60 ग्रॅम. आता दात गेलेल्या माणसाचा नेहमीचा दिवस घ्या. सकाळी चहा-खारी, दुपारी आसट भात आणि पातळ आमटी, संध्याकाळी चहात बुडवून बिस्किटं, रात्री पुन्हा भात-आमटी, फार तर दुधात कुस्करलेली अर्धी चपाती. यातली सगळी प्रथिनं मोजली तर 25 ग्रॅमच्या आसपास भरतात. हे महिनोन्‌महिने चाललं की मांडीचा आणि पोटरीचा स्नायू झिजतो, उठताना हात टेकावा लागतो, न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. सुरुवात दाढेपासून झाली, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात नसतं.

तोच दिवस, तेच स्वयंपाकघर, कवळी नसली तरी चालेल असा करता येतो. सकाळी दोन अंड्यांची मऊ भुर्जी (12 ग्रॅम). दुपारी 30 ग्रॅम कच्च्या डाळीचं घट्ट वरण किंवा पालेभाजीचं गरगटं (7 ग्रॅम), त्यात एक भाकरी कुस्करून दहा मिनिटं मुरवलेली (5 ग्रॅम) आणि वरून दोन चमचे शेंगदाण्याचं बारीक कूट (5 ग्रॅम). संध्याकाळी चहाऐवजी पेलाभर म्हशीचं दूध, त्यात दोन चमचे डाळ्याचं पीठ (दोन्ही मिळून 11 ग्रॅम). रात्री 40 ग्रॅम तांदूळ आणि 30 ग्रॅम मुगाच्या डाळीची मऊ खिचडी (10 ग्रॅम), सोबत वाटीभर दही (5 ग्रॅम). बेरीज 55. अंडं न खाणाऱ्यांना 60-70 ग्रॅम कुस्करलेलं पनीर तेवढंच देतं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. बाकीच्यांना यात भीती नाही.

जेवण मऊ करताना सगळ्यात मोठी चूक होते ती पाण्याची. वाटीभर खिचडी मिक्सरमध्ये फिरत नाही म्हणून वाटीभर पाणी ओतलं जातं आणि खिचडी दोन वाट्या होते. ज्याची भूकच एक वाटीची आहे तो एक वाटी खाऊन थांबतो, म्हणजे निम्मं जेवण भांड्यातच राहतं. पातळ करायचंच असेल तर दूध, ताक, वरण किंवा डाळीचं घट्ट पाणी घाला आणि वरून चमचाभर तूप सोडा. शिवाय मिक्सर हा शेवटचा उपाय आहे. ज्याला हिरड्यांनी किंवा जिभेनं घास दाबता येतो त्याला पेस्ट कशाला द्यायची? कसोटी सोपी आहे. दीड सेंटिमीटरचा तुकडा चमच्याच्या पाठीनं दाबा. अंगठ्याचं नख पांढरं पडेल एवढ्या दाबानं तो चेपला आणि परत फुगला नाही, तर तो बिनदातांच्या तोंडात चालतो. शिजलेला लाल भोपळा, पिकलेली पपई, केळं, उकडलेला बटाटा, ताकातल्या कण्या, वाफवून कुस्करलेला मासा या कसोटीला उतरतात. मासा देताना काटे बोटांनी चाचपून काढा. काकडी-गाजर बंद करण्याऐवजी बारीक किसून दह्यात मुरवा. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेनं नासतं, म्हणून लिंबू ताटात वाढल्यावर पिळा. आणि भात, भाजी, वरण, दही एकत्र कालवून एकच करडा गोळा करून भरवू नका. चव आणि रंग गेले की उरलीसुरली भूकही जाते. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात हे फार घडतं.

ही झाली तोंडाकडून पोटाकडं जाणारी वाट. उलटी वाटही तितकीच खरी आहे, आणि तिथं वैद्यकीय अधिकाऱ्यांचं काम जास्त. ब-12 कमी पडलं की जीभ लाल, गुळगुळीत होते, तिची आग होते. लोह कमी पडलं की ती फिकट पडते आणि ओठांचे कोपरे चिरतात. अशा तोंडाला कांदा-लसणाची चटणी काय, साधी आमटीही झोंबते, मग जेवण आणखी कमी. शाकाहारी माणूस, वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी आणि जोडीला रोजची ॲसिडिटीची गोळी, असं जिथं जुळून येतं तिथं ब-12 ची शंका आधी घ्यावी. ओठांचे कोपरे चिरण्याला दुसरं कारणही असतं. जुनी कवळी झिजून जबड्याची उंची कमी झाली की कोपऱ्यांना घडी पडते, तिथं लाळ साचते आणि बुरशी धरते. त्यामुळं नुसता मलम देऊन भागत नाही, कवळीही बघावी लागते.

लाळेकडं तर कुणाचंच लक्ष नसतं. निरोगी तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ येते. ती कमी झाली की कोरडा घास घशाखाली उतरत नाही, चव लागत नाही, दात भराभर किडतात आणि कवळी सुटते, कारण वरची कवळी टाळूला धरून ठेवते ती लाळेची पातळ साय. लाळ आटते ती नुसत्या वयानं नव्हे, बहुतेक वेळा औषधांनी. वारंवार लघवीसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, झोप किंवा नसांच्या दुखण्यासाठीचं ॲमिट्रिप्टिलिन, सर्दी-खाजेची क्लोरफेनिरामिन, पाणी उतरवणाऱ्या गोळ्या, आणि यातल्या दोन-तीन एकदम चालू असल्या तर विचारायलाच नको. रुग्णानं मनानं गोळी बंद करू नये. पण ज्यानं लिहून दिली त्यानं ‘तोंड कोरडं पडतं का?’ एवढं विचारावं आणि मात्रा, वेळ किंवा औषध बदलता येतं का ते बघावं. तोपर्यंत घोट घोट पाणी, प्रत्येक घास ओला करून खाणं, आणि चघळायला गोळी हवीच असेल तर बिनसाखरेची. कोरड पडते म्हणून आंबट-गोड गोळ्या चघळत बसणाऱ्यांचे दात लवकर खलास होतात.

दात हे वयामुळं पडतात, हा समज आता तरी सोडावा. ते हिरड्यांच्या रोगानं आणि किडीनं पडतात, आणि दोन्ही थांबवता येतात. जपाननं 1989 मध्ये ‘ऐंशीव्या वर्षी वीस दात’ असं उद्दिष्ट ठरवून मोहीम सुरू केली, कारण आपले वीस दात शिल्लक असले तर बहुतेक सगळं खाता येतं. ‘वरचा दात काढला की नजर जाते’ हा आपल्याकडचा दुसरा समज. त्यापायी लोक पू येणारी दाढ वर्षानुवर्षं तोंडात बाळगतात. डोळ्याच्या नजरेचा आणि दात काढण्याचा काही संबंध नाही. आशा ताईंनी घरोघरी एवढं एक वाक्य सांगितलं तरी मोठं काम होईल.

आपल्या जिल्ह्यात ज्येष्ठांच्या दातांचा खरा शत्रू म्हणजे मुळाची कीड. मिश्री जोरानं घासून हिरड्या मागं सरकतात आणि मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल, म्हणजे दाताचं कठीण आवरण, नसतं. इनॅमल विरघळायला तोंडातला पीएच (आंबटपणाचा आकडा, कमी तितकं आंबट) 5.5 पर्यंत उतरावा लागतो, मूळ मात्र 6 च्या वर असतानाच विरघळू लागतं. त्यात दिवसभर थोडा थोडा गोड चहा, बरोबर टोस्ट किंवा खारी. भिजलेला मैदा हिरडीच्या कडेला चिकटून बसतो आणि तिथं हिरडीलगत दात कापल्यासारखा किडत जातो. दुखत फारसं नाही. एक दिवस घास चावताना तो तिथंच मोडतो. उपाय स्वस्त आहेत. मिश्री, राखुंडी बंद. ट्यूबवर फ्लोराइड 1000 ते 1500 पीपीएम लिहिलेली पेस्ट दोन वेळा, मऊ ब्रशनं, आणि थुंकल्यावर खळखळून चूळ न भरता. ज्यांची मुळं उघडी आहेत त्यांना दर तीन महिन्यांनी 5 टक्के सोडियम फ्लोराइडच्या व्हार्निशचा लेप. किडलेल्या जागी वर्षातून दोनदा 38 टक्क्यांचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड लावलं तर बरीचशी कीड जागच्या जागी थांबते, ना ड्रिल लागतं ना इंजेक्शन. त्यानं किडलेला भाग काळाकुट्ट होतो, हे लावण्याआधी सांगावं, नाहीतर ‘दात काळे केले’ म्हणून पुढच्या वेळी कुणी येत नाही.

मधुमेहाबद्दल थोडक्यात. साखर जास्त तर हिरड्या लवकर खराब, आणि हिरड्यांत पू तर साखर आटोक्यात येत नाही. हिरड्यांची नीट सफाई केली की तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, 0.3 ते 0.4 टक्क्यांनी उतरते. मधुमेहाच्या कार्डावर हिरड्यांचा एक रकाना असायलाच हवा.

आता कवळीबद्दल, कारण शिबिरांत सगळ्यात जास्त वाया जाते ती हीच. एका दिवसात माप आणि दुसऱ्या दिवशी वाटप, असली कवळी बहुतेक डब्यातच राहते. नीट पूर्ण कवळीला पाच बैठका लागतात: पहिलं माप, त्यावरून केलेल्या खास ट्रेमधलं दुसरं बारीक माप, मेणाच्या ठोकळ्यांवर जबड्याची उंची आणि चावण्याची रेघ ठरवणं, मेणात बसवलेले दात तोंडात घालून बघणं, आणि शेवटी कवळी देणं. यातली तिसरी बैठक उरकून टाकली की घोटाळा होतो. उंची जास्त झाली तर बोलताना दात खटखटतात आणि हिरड्या दुखतात. कमी झाली तर गाल बसतात आणि कोपरे चिरतात. दात काढल्यावर हाड भरायला दीड-दोन महिने द्यावे लागतात. घाईनं लगेच माप घेतलं तर जबडा झिजून कवळी काही महिन्यांत सैल होते. खालचा जबडा वरच्यापेक्षा कितीतरी वेगानं, जवळजवळ चौपट झिजतो, म्हणून तक्रार बहुधा खालच्या कवळीची असते.

कवळी दिल्यावर काम संपत नाही. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं पुन्हा बघावीच लागते, कारण कडेला कुठंतरी लागून जखम होते. ती जागा दिसावी म्हणून तपासणीला येताना निदान काही तास कवळी घालून यायचं. पुष्कळ जण दुखतं म्हणून आठवडाभर काढून ठेवतात आणि मग डॉक्टरांना काहीच दिसत नाही. घरी कानशीनं किंवा पॉलिश पेपरनं कवळी घासू नये. पहिला आठवडा मऊ भात, खिचडी, उपमा. घास लहान, दोन्ही बाजूंना थोडा थोडा ठेवून चावायचा. पुढच्या दातांनी तोडायचं नाही, त्यानं मागची बाजू उचलते. वरच्या कवळीनं टाळू झाकली जाते, त्यामुळं गरमपणा आणि काटा-हाड कळत नाही. पहिले काही दिवस रस्सा निववून घ्यावा आणि मटणाची बारीक हाडं आधीच काढून टाकावीत. चांगल्यातल्या चांगल्या कवळीचा चावा आपल्या दातांच्या निम्म्याहूनही कमी असतो, हे घरच्यांनाही सांगून ठेवायला हवं. म्हणजे ‘कवळी बसवली, आता खा सगळं’ असा धोशा लागणार नाही. आणखी एक. वजन उतरलं की हिरड्याही आक्रसतात आणि बसलेली कवळी सैल होते. सैल कवळीनं जेवण कमी होतं आणि वजन आणखी उतरतं. अशा वेळी नवी कवळी करण्याआधी आतून अस्तर लावून बघता येतं.

चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पुढं आहे. तिथला पंचाहत्तरीचा माणूस पाच फेऱ्या मारणार नाही, आणि मारायला लावूही नये. गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, भुदरगडचीही तीच कथा. म्हणून आमची सूचना अशी, की ज्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतचिकित्सेची खुर्ची आहे तिथं आठवड्याचा एक ठरलेला वार कवळीसाठी ठेवावा. पाचही बैठका तिथंच व्हाव्यात आणि साचे तेवढे प्रयोगशाळेत जावेत-यावेत. यात सीपीआरचा, म्हणजे कोल्हापुरातल्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाचा, दंत विभाग आणि न्यू पारगावचं तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय यांना जोडून घेता येईल. शहरात सावित्रीबाई फुले आणि पंचगंगा रुग्णालयांत असा वार ठरला तर पेठांतल्या ज्येष्ठांना रिक्षानं येता येईल.

पैशाची एक बाब. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत, जी 2017 पासून आहे, काठी, चष्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची यांबरोबर कवळीही दिली जाते. राज्याच्या 2024 मधल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांपुढच्यांना एकरकमी 3000 रुपये मिळतात. तिच्या साधनांच्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा ही नावं आहेत, कवळीचं नाही. यादी बदलणं तुमच्या हातात नाही, पण जिल्ह्यातून तशी लेखी शिफारस जाणं आहे. केंद्राच्या योजनेची शिबिरं लागतील तेव्हा कवळीची नोंदणी आधी दंतवैद्याकडून करून घ्यावी, म्हणजे तोंडात सडके दात आणि हातात कवळीची पावती असं होणार नाही.

तपासणी नेमकी कशी करायची तेही सांगतो. हातमोजे, टॉर्च, जीभ दाबायची लाकडी पट्टी. कवळी असेल तर ती आधी काढायला लावा, तिच्याखालीच सगळं दडलेलं असतं. टाळू लालभडक असेल तर बुरशी. वर-खाली एकमेकींवर टेकणाऱ्या दाढांच्या जोड्या मोजा; दातांच्या एकूण आकड्यापेक्षा हा आकडा जास्त सांगतो, कारण वर दहा आणि खाली शून्य असतील तर चावणार कशावर? पट्टी गालाला आतून लावून बघा, चिकटली तर लाळ कमी आहे. जीभ, ओठांचे कोपरे, हलणारे दात, पू बघा. दोन आठवड्यांहून जुनी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर बाकी सगळं थांबवून आधी पुढं पाठवा. बरोबर चार प्रश्न: शेंगदाणे चावता येतात का? भाकरी भिजवून खावी लागते का, आणि कधीपासून? पाणी पिताना ठसका लागतो का? बांगड्या, घड्याळ, पायजमा सैल झालाय का? ठसका लागत असेल, विशेषतः पक्षाघातानंतर, तर ती गिळण्याची अडचण आहे. कवळीनं ती सुटत नाही, तिची वेगळी तपासणी लागते. अशा माणसाला ताठ बसवूनच भरवावं आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करू नये.

वजन दरमहा, त्याच काट्यावर. सहा महिन्यांत 5 टक्के, म्हणजे 50 किलोतले अडीच किलो, न ठरवता उतरले तर ती धोक्याची खूण. जो काट्यावर उभा राहू शकत नाही त्याची पोटरी मोजा. गुडघा काटकोनात ठेवून, टेपनं, सगळ्यात जाड जागी. 31 सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर स्नायू झिजला आहे असं समजून पुढची चौकशी करावी.

दंतवैद्याकडं पाठवताना चिठ्ठीत औषधं लिहा. रक्त पातळ करणारी गोळी साध्या दात काढण्यासाठी सहसा बंद करावी लागत नाही, आणि रुग्णानं आपणहून तर मुळीच बंद करू नये. हाडं ठिसूळ झाली म्हणून झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन किंवा अॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी चालू असेल तर ते ठळक लिहा. अशा रुग्णाचा दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. इंजेक्शन सुरू करायच्या आधीच तोंड दाखवून घेतलं तर हा धोका बराच कमी होतो. मधुमेहींना सकाळची वेळ द्या, नाश्ता आणि गोळी घेऊन यायला सांगा.

वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापकांना तीनच गोष्टी कळकळीनं सांगायच्या आहेत. पहिली, रात्री सगळ्यांच्या कवळ्या निघाल्याच पाहिजेत. 2015 मध्ये जपानमध्ये 85 वर्षांपुढच्या लोकांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला. कवळी मऊ ब्रश आणि साध्या साबणानं धुवावी. टूथपेस्टनं चरे पडतात आणि त्यात जंतू बसतात, उकळत्या पाण्यानं ती वाकडी होते. धुताना खाली पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवा, म्हणजे निसटली तरी फुटत नाही. रात्रभर साध्या पाण्यात, प्रत्येकाच्या नावाच्या वेगळ्या झाकणाच्या डब्यात. एकाच पातेल्यात सगळ्यांच्या कवळ्या भिजवल्या की अदलाबदल होते, आणि दुसऱ्याची कवळी घालून कुणी जेवत नाही. करतानाच कवळीत नावाची चिठ्ठी बसवून घेता येते, दंतवैद्याला तसं सांगा. दुसरी, ताट वाढण्याआधी कोणाच्या तोंडात कवळी नाही ते एकदा फिरून बघा. तिसरी, वेळ. दात कमी असलेल्या माणसाला जेवायला 35-40 मिनिटं लागतात, आणि पंगत वीस मिनिटांत उठते. इतरांची ताटं उचलली जाऊ लागली की तोही लाजून उठतो. त्याला दहा मिनिटं आधी वाढा आणि त्याचं ताट शेवटी उचला.

आशा ताई, आरोग्यसेविका आणि वृद्धाश्रमातल्या सेविकांना ही तपासणी अर्ध्या दिवसात शिकवता येते. बाराही तालुक्यांच्या ठिकाणी येऊन ती विनामूल्य शिकवायला आम्ही तयार आहोत. तारीख तुम्ही ठरवा. आम्हाला लागेल ती भरपूर उजेडाची एक खोली, एक वजनकाटा, एक मोजपट्टी, हातमोजे आणि लाकडी पट्ट्यांचा खोका, आणि प्रत्यक्ष तपासून दाखवण्यासाठी त्या गावातले दहा-बारा ज्येष्ठ, ज्यांना त्याच दिवशी पुढची चिठ्ठीही देता येईल.

आपले,
कोल्हापुरातील काही दंतवैद्य आणि आहारतज्ज्ञ